रोबोटचा हात आणि आरमोरीचा कर्करोग

रोबोटिक शस्त्रक्रिया ही मुळात दुर्बिणीचीच शस्त्रक्रिया आहे. फरक इतकाच की, दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत सर्जन लांब दांड्यांची उपकरणे स्वतःच्या हाताने धरतो आणि रोबोटिक शस्त्रक्रियेत तीच उपकरणे यंत्राचे तीन-चार बाहू धरतात. सर्जन रुग्णापासून काही फुटांवर, त्याच खोलीत, पडद्यासमोर बसतो. पडद्यावर आतला भाग मोठा होऊन आणि त्रिमितीत दिसतो. सर्जनची बोटे जशी फिरतात तशी उपकरणांची टोके फिरतात. हाताचा कंप यंत्र गाळून टाकते. बोटाची मोठी हालचाल आत लहान करून पोचवता येते. उपकरणाच्या टोकाला मनगटासारखी वळण्याची सोय असल्याने अरुंद जागेत टाके घालणे सोपे जाते. रुग्णाच्या अंगावर आठ-दहा मिलिमीटरची काही छिद्रे पडतात आणि काढलेला अवयव बाहेर घेण्यासाठी एक थोडा मोठा छेद द्यावा लागतो.

शस्त्रक्रियेत यंत्राचा बाहू वापरण्याची सुरुवात 1985 मध्ये मेंदूची बायॉप्सी घेताना झाली. ‘दा विंची’ या आज सर्वाधिक प्रचलित यंत्राला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2000 मध्ये परवानगी दिली. भारतात दिल्लीच्या एम्समध्ये 2006 मध्ये मूत्रमार्गाच्या शस्त्रक्रियांसाठी ते आले. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात गेल्या दशकापासून कर्करोगासाठी त्याचा वापर होत आहे. आता नागपूरच्या काही रुग्णालयांतही अशी यंत्रे आहेत. त्यामुळे वैनगंगेकाठच्या आरमोरीतून ब्रह्मपुरी, नागभीड, उमरेडमार्गे नागपूर गाठणाऱ्या कर्करुग्णाच्या नातेवाइकांसमोर आज हा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहतो: रोबोटने करायचे की साधे?

या प्रश्नावर दोन पक्ष ऐकू येतात. पहिल्याचे म्हणणे असे की, यंत्राचा हात माणसाच्या हातापेक्षा अचूक असतो, म्हणून कर्करोग अधिक स्वच्छ निघतो आणि रुग्ण अधिक जगतो. सरकारने गडचिरोलीसारख्या जिल्ह्यातही असे यंत्र बसवावे आणि ते होईपर्यंत मुंबईच्या सर्जनने दूरवरून येथील रुग्णाची शस्त्रक्रिया करावी, अशी त्याची मागणी असते. दुसऱ्या पक्षाला हे सगळे शहरी श्रीमंतांचे चोचले वाटतात आणि जंगलपट्टीतल्या धान-मजुराचा त्याच्याशी काही संबंध नाही असे तो सांगतो. दोन्ही पक्ष चुकीचे आहेत. त्यातही पहिल्याची चूक अधिक घातक आहे, कारण पैसा आणि रुग्ण दोघेही तिच्याच मागे ओढले जातात.

या दोन पक्षांआधी एक गैरसमज दूर केला पाहिजे. यंत्र स्वतःहून काही कापत नाही. आज कर्करोगासाठी वापरल्या जाणाऱ्या या यंत्रांत गाठ कुठे आहे, रक्तवाहिनी कोणती, कुठे थांबायचे, हे सर्व सर्जन ठरवतो. त्याने हात सोडला की बाहू जागच्या जागी थांबतात. रुग्णाशेजारी दुसरा सर्जन, परिचारिका आणि भूलतज्ज्ञ सतत उभे असतात. तेव्हा यंत्राची धास्ती घेऊन आवश्यक शस्त्रक्रिया नाकारण्याला आधार नाही. पण याच वस्तुस्थितीचा दुसरा अर्थही आहे: यंत्र कितीही चांगले असले तरी त्यामागच्या सर्जनपेक्षा ते चांगले होऊ शकत नाही.

पहिल्या पक्षाचा मुख्य दावा अचूकतेचा आहे. तो तपासताना तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. शस्त्रक्रियेनंतरचे पहिले काही दिवस रुग्णाला कसे गेले, ही एक. लघवी, गिळणे, शौच अशा शरीराच्या कामांवर पुढे काय परिणाम झाला, ही दुसरी. कर्करोग परत आला की नाही आणि रुग्ण किती जगला, ही तिसरी. जाहिरातींत या तिन्हींची सरमिसळ होते. कमी रक्त गेले हे खरे असते, पण वाचणाऱ्याच्या मनात ‘कर्करोग बरा झाला’ असे उमटते.

ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या 326 पुरुषांवर झालेली चाचणी या बाबतीत फार बोलकी आहे. कोणाला रोबोटिक आणि कोणाला उघडी शस्त्रक्रिया करायची, हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवले गेले. रोबोटिक गटात सरासरी 443 मिलिलीटर रक्त गेले, उघड्या गटात 1338. रुग्णालयातला मुक्कामही जवळपास निम्मा झाला. पण दोन वर्षांनंतर लघवीवरचे नियंत्रण आणि लैंगिक क्षमता या ज्या दोन गोष्टींसाठी हे यंत्र सर्वाधिक विकले गेले, त्यांत दोन्ही गट सारखेच निघाले. मूत्राशयाच्या कर्करोगावर अमेरिकेत झालेल्या चाचणीचा निकाल 2018 मध्ये आला. त्यात रोग न वाढता दोन वर्षे काढणाऱ्यांचे प्रमाण रोबोटिक गटात 72.3 टक्के आणि उघड्या गटात 71.6 टक्के होते, म्हणजे कर्करोगाच्या हिशेबाने फरक नाही. गुदाशयाच्या कर्करोगावरच्या 471 रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीच्या 2017 मधल्या निकालातही दुर्बिणीपेक्षा रोबोट सरस असल्याचे सिद्ध झाले नव्हते.

‘फरक नाही’ इथपर्यंत ठीक आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात मात्र लहान छेदाने नुकसान केले, आणि ही गोष्ट प्रत्येक जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्याला पाठ असायला हवी. सुरुवातीच्या टप्प्यातल्या या कर्करोगासाठी गर्भपिशवी भोवतालच्या भागासह काढावी लागते. ती उघड्या पद्धतीने काढावी की दुर्बीण अथवा रोबोटने, हे पाहण्यासाठी अनेक देशांत 631 स्त्रियांवर चाचणी झाली. लहान छेदाच्या गटातल्या बहुतेक शस्त्रक्रिया साध्या दुर्बिणीच्या होत्या, सुमारे 16 टक्के रोबोटिक होत्या. सर्वांची अपेक्षा बरोबरीच्या निकालाची होती. 2018 मध्ये निकाल प्रसिद्ध झाला तो असा: साडेचार वर्षांनी रोगमुक्त असलेल्या स्त्रिया उघड्या गटात 96.5 टक्के, लहान छेदाच्या गटात 86 टक्के. तीन वर्षांनी जिवंत असलेल्यांचे प्रमाण 99 विरुद्ध 93.8 टक्के. चाचणी मध्येच थांबवावी लागली. पुढच्याच वर्षी, 28 फेब्रुवारी 2019 रोजी, अमेरिकेच्या औषध प्रशासनाने स्त्रियांच्या कर्करोगांवर, विशेषतः स्तन काढण्याच्या शस्त्रक्रियेत, रोबोट वापरण्याबाबत जाहीर सावधगिरीची सूचना काढली.

असे का झाले याची कारणे अभ्यासकांनी वेगवेगळी मांडली. गर्भाशय हलवण्यासाठी आत घातलेल्या उपकरणाने गाठ चिरडली जाते, पोटात भरलेल्या वायूमुळे पेशी पसरतात, योनीचा भाग कापताना गाठ पोटात उघडी पडते, अशी ती आहेत. कोणते कारण किती खरे, हा वाद अजून चालू आहे आणि केवळ रोबोटची स्वतंत्र परीक्षा घेणाऱ्या चाचण्याही सुरू झाल्या आहेत. पण रुग्णाच्या दृष्टीने निर्णय स्पष्ट आहे. या कर्करोगात मोठी शस्त्रक्रिया करायचीच असेल तर आजच्या पुराव्यानुसार ती उघडी करावी. लहान छेदाचे आमिष दाखवून ती रोबोटने करणे समर्थनीय नाही.

गर्भाशयमुखाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे आणि ती यंत्राच्या चर्चेत हरवते. खेड्यापाड्यांतल्या स्त्रिया पुष्कळदा अशा टप्प्यावर पोचतात की तिथे शस्त्रक्रिया हा मुख्य उपचारच नसतो. टाटा स्मारक केंद्राने अशाच पुढच्या टप्प्याच्या 633 स्त्रियांवर तुलना केली. एका गटाला आधी किमो देऊन मग शस्त्रक्रिया, दुसऱ्याला किमो आणि किरणोपचार एकत्र. पाच वर्षांनी रोगमुक्त राहिलेल्या स्त्रिया शस्त्रक्रियेच्या गटात 69.3 टक्के आणि किरणोपचाराच्या गटात 76.7 टक्के होत्या. म्हणजे आरमोरी किंवा कुरखेड्याच्या अशा स्त्रीला शल्यगृहातल्या यंत्रापेक्षा वेळेवर मिळणारा ‘शेक’, म्हणजे किरणोपचार, अधिक उपयोगी आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या रुग्णाला त्यासाठी आजवर नागपूरची वाट धरावी लागत आली, आणि पाच-सहा आठवडे रोज शेक घ्यायचा तर घर, शेत, लेकरे सोडून तिथेच राहावे लागते. रोवणीच्या दिवसांत हा उपचार अर्धवट सुटतो तो रुग्णाच्या अज्ञानामुळे नव्हे. मजुरी बुडते, सोबतीला माणूस नसते आणि राहायला जागा नसते, म्हणून सुटतो.

या रोगाचे मरण कमी करण्याचा सिद्ध मार्ग महाराष्ट्रानेच जगाला दाखवला आहे. धाराशिव जिल्ह्यात, बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाच्या मदतीने, 30 ते 59 वयाच्या 1,31,746 स्त्रियांवर एक अभ्यास झाला आणि तो 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. एचपीव्ही विषाणूची चाचणी आयुष्यात फक्त एकदा केलेल्या गटात आठ वर्षांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने 34 मृत्यू झाले. तपासणी न झालेल्या, जवळपास तेवढ्याच मोठ्या गटात ते 64 होते. तपासणीविना ठेवलेल्या गटाबद्दल पुढे नैतिक आक्षेप घेतले गेले आणि ते रास्तच आहेत. पण निकाल हाती आल्यावर तो वापरला नाही, तर त्या स्त्रियांवरचा अन्याय दुप्पट होतो. मृत्यू निम्मे करणारा हा उपाय नर्सच्या हातून होतो, उपकेंद्रावर होतो. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या ‘सर्वाव्हॅक’ या लशीला 2022 मध्ये मान्यता मिळाल्यापासून मुलींसाठी प्रतिबंधही देशी हातात आला आहे.

मुखाचा कर्करोग हा या प्रदेशाचा खास प्रश्न आहे. आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार 2022 मध्ये भारतात सुमारे 14 लाख नवे कर्करुग्ण झाले आणि पुरुषांत ओठ व मुखाचा कर्करोग सर्वांत वर होता. चंद्रपूर-गडचिरोली पट्ट्यात त्याचे कारण चौकाचौकात घोटले जाते. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या तुकड्यात घोटून तयार होणारा खर्रा पुरुष खातात, स्त्रिया खातात, शाळकरी मुलेही खातात. राज्यात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी खर्रा टिकून आहे. त्यात केवळ तंबाखूच वाईट असे नाही. सुपारी स्वतःच कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ठरवले आहे.

सुपारीमुळे गालाच्या आतली त्वचा कडक, पांढरट होत जाते. तिखट सोसत नाही, मग तोंड उघडणे कमी होते. तीन बोटे मावणाऱ्या तोंडात एक बोटही जात नाही. या कडक झालेल्या गालात, हिरडीत आणि जबड्यालगत पुढे गाठ होते. आता रोबोटकडे पाहावे. डोके-मानेच्या कर्करोगात त्याचा मुख्य उपयोग तोंडातून बाहू आत घालून टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाशी असलेली गाठ काढण्यासाठी होतो. पाश्चात्त्य देशांत एचपीव्ही विषाणूमुळे होणारे घशाचे कर्करोग वाढले, त्यांच्यासाठी ही पद्धत बहरली. तिथेही कॅनडाप्रणीत 68 रुग्णांच्या चाचणीत वर्षभरानंतर गिळण्याची क्षमता किरणोपचाराच्या गटात किंचित चांगली आढळली. खर्रा खाणाऱ्याची गाठ गालात आणि जबड्यात असते, तोंड उघडत नाही, आणि गाल, जबड्याचे हाड, मानेतल्या गाठी असे सारे एकत्र काढून छातीचे मांस, हाताची कातडी किंवा पायाचे हाड लावून चेहरा पुन्हा बांधावा लागतो. ही उघडी शस्त्रक्रिया आहे. ती आठ-दहा तास चालू शकते, तिला दोन-दोन पथके लागतात आणि रोबोटला तिथे फारसे कामच नाही.

मग या रुग्णाचे आयुष्य कशाने वाढते? याचेही उत्तर मुंबईतूनच आले. मुखाच्या लहान गाठीच्या रुग्णात, मानेत काही लागत नसतानाही मानेतल्या लसीका ग्रंथी त्याच वेळी काढाव्यात की नंतर सूज आली तरच काढाव्यात, हा जुना वाद होता. टाटा स्मारक रुग्णालयाने 2015 मध्ये 500 रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्याच वेळी ग्रंथी काढलेल्यांपैकी तीन वर्षांनी 80 टक्के जिवंत होते, वाट पाहिलेल्यांपैकी 67.5 टक्के. शंभरांमागे बारा-तेरा माणसे वाचली, आणि त्यासाठी नवे यंत्र लागले नाही. योग्य वेळी योग्य शस्त्रक्रिया करण्याचा निर्णय पुरेसा ठरला. रोबोटच्या कोणत्याही चाचणीत आयुर्मानाचा एवढा मोठा लाभ आजवर दिसलेला नाही.

स्तनाच्या कर्करोगात तर अवयव शरीराच्या बाहेरच्या अंगाला असतो, तिथे पोहोचण्याची अडचणच नाही. भारतातल्या स्त्रियांत सर्वाधिक आढळणाऱ्या या कर्करोगावर टाटा स्मारक केंद्राच्या पुढाकाराने सुमारे 1600 स्त्रियांवर एक साधी कल्पना तपासली गेली: शस्त्रक्रियेच्या काही मिनिटे आधी गाठीभोवती लिग्नोकेन हे भुलीचे नेहमीचे, स्वस्त औषध टोचणे. पाच वर्षांनी जिवंत असलेल्या स्त्रियांचे प्रमाण 86.4 वरून 90.1 टक्क्यांवर गेले. हे औषध तालुक्याच्या प्रत्येक रुग्णालयाच्या कपाटात असते. त्याची जाहिरात कोणी करत नाही, कारण त्यात कोणाचा नफा नाही. कर्करोगाच्या उपचारात काय नवे आणि काय मोलाचे, यांतला फरक ज्याला कळत नाही त्याने या दोन अभ्यासांपुढे काही वेळ थांबावे.

एवढ्यावरून दुसऱ्या पक्षाचा विजय झाला असे मात्र समजू नये. ‘रोबोट म्हणजे चोचले’ हे विधानही पुराव्यापुढे टिकत नाही. गुदाशयाचा कर्करोग हाडांच्या अरुंद पोकळीत असतो, त्यातही पुरुषांत ती पोकळी अधिक अरुंद. तिथे सरळ दांड्याची दुर्बीण अडते आणि वळणारे मनगट कामी येते. चीनमधल्या 11 रुग्णालयांत 1,240 रुग्णांवर झालेल्या चाचणीचे तीन वर्षांचे निकाल 2025 मध्ये आले. ओटीपोटात त्याच जागी रोग परतण्याचे प्रमाण रोबोटिक गटात 1.6 टक्के आणि दुर्बिणीच्या गटात 4 टक्के आढळले. आधीच्या चाचणीत जे सिद्ध झाले नव्हते ते इथे दिसले, आणि त्यामागे अनुभवी सर्जनांचा वाटा मोठा आहे. अन्ननलिकेच्या कर्करोगात छाती उघडावी लागते. नेदरलँड्समधल्या 112 रुग्णांच्या चाचणीत शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंती उघड्या गटात 80 टक्के रुग्णांना, तर रोबोटिक गटात 59 टक्के रुग्णांना झाल्या. तंबाखूच्या प्रदेशात अन्ननलिकेचा कर्करोग परका नाही. मूत्रपिंडातली लहान गाठ तेवढीच काढून उरलेले मूत्रपिंड वाचवायचे, तर रक्तपुरवठा थांबवलेल्या थोड्या मिनिटांत आत टाके घालावे लागतात. तिथेही यंत्राच्या मनगटाचा उपयोग निर्विवाद आहे.

लवकर बरे होणे ही श्रीमंतांची हौस आहे, हा समजही उलटा आहे. ब्रिटनमध्ये मूत्राशयाच्या कर्करोगावर झालेल्या चाचणीत पहिल्या नव्वद दिवसांत घरी काढलेले दिवस रोबोटिक गटात 82 आणि उघड्या गटात 80 भरले, म्हणजे लाभ दोनच दिवसांचा. पण पोटावरच्या लांब छेदाची खरी किंमत रुग्णालयात कळत नाही. कार्यालयात खुर्चीवर बसणाऱ्याला तो छेद दोन महिन्यांत विसरता येतो. धानाचे भारे वाहणारा, तेंदूपत्ता तोडायला जंगल चढणारा, मोहफुलांच्या टोपल्या डोक्यावर आणणारी यांना पोटाच्या भिंतीतली कमजोरी म्हणजे हर्निया, आणि हर्निया म्हणजे मजुरीतून बाद होणे. शरीर हेच ज्याचे भांडवल, त्याला कमी चिरलेल्या पोटाची गरज अधिक आहे. म्हणून जिथे रोगाच्या दृष्टीने रोबोट सुरक्षित आणि उपयुक्त ठरला आहे, तिथे तो गरिबालाही मिळाला पाहिजे. ‘तुम्हांला काय करायचा रोबोट’ असे म्हणणे अन्यायाचे आहे.

पण मिळाला पाहिजे म्हणजे आरमोरीत किंवा गडचिरोलीत बसवला पाहिजे, असे नाही. या यंत्रावर हात बसण्यासाठी सर्जनला एकाच प्रकारच्या अनेक शस्त्रक्रिया सातत्याने कराव्या लागतात. एका जंगल-जिल्ह्यात वर्षाकाठी गुदाशयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या जेवढ्या शस्त्रक्रिया होतील त्यांतून असा हात बसणार नाही. क्वचित वापरले जाणारे यंत्र रुग्णाला धोक्याचे असते. खर्चाचाही प्रश्न आहे. यंत्राची किंमत कोट्यवधींत, वर्षाची देखभाल वेगळी, आणि उपकरणांची टोके ठरावीक वापरांनंतर फेकावी लागतात. पूर्वी ही मर्यादा साधारण 10 वापरांची होती, आता काहींची 12 ते 18 पर्यंत वाढली आहे. अमेरिकेतल्या 2010 च्या एका प्रसिद्ध हिशेबात रोबोटमुळे प्रत्येक शस्त्रक्रियेचा खर्च सुमारे 1,600 डॉलरने वाढत असल्याचे दिसले, आणि यंत्राची किंमत धरली तर ही वाढ 3,200 डॉलरपर्यंत जात होती. गुरुग्रामच्या कंपनीचे ‘एसएसआय मंत्रा’ हे देशी यंत्र आल्यापासून स्पर्धा सुरू झाली आहे. ही स्वागतार्ह गोष्ट आहे, तरीही सुईदोऱ्याच्या दराशी तुलना होण्याइतके कोणतेच यंत्र स्वस्त नाही.

राहिला दूरशस्त्रक्रियेचा आग्रह. 7 सप्टेंबर 2001 रोजी फ्रेंच सर्जन जाक मारेस्को यांनी न्यूयॉर्कमध्ये बसून फ्रान्समधल्या स्त्रास्बूर्गच्या एका स्त्रीचे पित्ताशय काढले. भारतातही 2025 मध्ये गुरुग्राम आणि जयपूर यांच्यामध्ये हृदयाची अशी शस्त्रक्रिया झाली. ही दोन्ही कामे कौतुकाची आहेत. पण दोन्हींत रुग्णाच्या बाजूला संपूर्ण पथक होते. छिद्रे पाडणारा, उपकरणे बदलणारा, रक्तस्राव झाला किंवा जोडणी तुटली तर पोट उघडून स्वतः शस्त्रक्रिया पूर्ण करू शकणारा सर्जन तिथे हजर असावाच लागतो. भूलतज्ज्ञ लागतो, रक्तपेढी लागते, अतिदक्षता कक्ष लागतो, काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहणारा विकृतीशास्त्रज्ञ लागतो. हे सगळे ज्या गावात आहे तिथे मुंबईच्या हाताची गरज फार थोडी उरते. ज्या गावात हे नाही तिथे मुंबईचा हात पोचूनही रुग्ण वाचत नाही. दूरसंपर्काचा खरा उपयोग अलीकडच्या टप्प्यावर आहे: आरमोरीच्या डॉक्टरने गालातल्या डागाचा फोटो नागपूरच्या तज्ज्ञाला दाखवणे, बायॉप्सीचा अहवाल त्याच्याशी बोलून घेणे, शस्त्रक्रियेनंतरची तपासणी गावातच करून रुग्णाची फेरी वाचवणे. त्याला कोट्यवधी रुपये लागत नाहीत.

या खंडनातून उरणारा पक्ष असा. रोबोट विभागीय केंद्रात असावा. नागपुरात राष्ट्रसंत तुकडोजी विभागीय कर्करोग रुग्णालय, जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था आणि एम्स आहेत. चंद्रपुरात टाटा ट्रस्ट, राज्य सरकार आणि जिल्हा खनिज प्रतिष्ठान यांच्या भागीदारीतून कर्करोग रुग्णालय उभारण्यात आले. या केंद्रांपैकी जिथे रुग्णसंख्या पुरेशी आहे तिथे यंत्र ठेवावे, आणि गुदाशय, अन्ननलिका, मूत्रपिंड, प्रोस्टेट अशा पुराव्याने ठरलेल्या शस्त्रक्रियांसाठीच त्याचा खर्च सार्वजनिक पैशातून द्यावा. विमा नियामक प्राधिकरणाने 2019 मध्ये खासगी आरोग्यविम्यात रोबोटिक शस्त्रक्रिया समाविष्ट करण्याचे बंधन घातले, पण भूमिहीन मजुराकडे खासगी विमा नसतो. त्याचा आधार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, जिचे कवच आता पाच लाखांचे आहे. कोणत्या कर्करोगात रोबोट मान्य आणि कोणत्यात नाही, याची स्पष्ट यादी त्या योजनेत असावी, आणि मान्य असेल तिथे रुग्णाकडून वेगळा रुपया घेतला जाऊ नये. गर्भाशयमुखाच्या मोठ्या शस्त्रक्रियेसाठी रोबोट मान्य करू नये. प्रत्येक रोबोटिक शस्त्रक्रियेचा निकाल, रोग परतला की नाही यासह, नोंदवणे बंधनकारक करावे. बार्शीची ग्रामीण कर्करोग नोंदणी 1987 पासून चालू आहे, म्हणजे खेड्यांत अशी नोंद ठेवता येते हे याच राज्याने सिद्ध केले आहे.

आणि यंत्राच्या आधी रुग्णाचा रस्ता दुरुस्त करावा. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात असे आढळले की, शस्त्रक्रियेला होणाऱ्या दर चार आठवड्यांच्या विलंबाने मृत्यूचा धोका 6 ते 8 टक्क्यांनी वाढतो. आरमोरीच्या रुग्णाचे आठवडे कुठे जातात हे पाहिले तर शल्यगृहाच्या फार अलीकडे ते गेलेले दिसतात. डाग दिसूनही कोणाला न दाखवण्यात, जडीबुटी आणि मलमांत, बायॉप्सीसाठी एक फेरी, अहवालासाठी दुसरी, कागदपत्रांसाठी तिसरी यांत ते जातात. तालुक्याच्या उपजिल्हा रुग्णालयात बायॉप्सी घेण्याची सोय, तुकडा वेळेत प्रयोगशाळेत पोचवण्याची जबाबदारी, तपासणीआधीच योजनेची कागदपत्रे लावून देणारा माणूस आणि नागपुरात नातेवाइकाला राहण्याची जागा, या चार गोष्टींनी जेवढे आठवडे वाचतील तेवढे कोणताही रोबोट वाचवू शकत नाही. गडचिरोलीतल्या ‘सर्च’ या संस्थेच्या सहभागाने 2016 पासून चालू असलेल्या ‘मुक्तिपथ’ या दारू-तंबाखूविरोधी कार्यक्रमाचे मोलही याच हिशेबात मांडले पाहिजे. टळलेली गाठ ही सर्वांत स्वस्त शस्त्रक्रिया आहे.

तरीही ज्याच्या घरात गाठ निघालीच आहे त्याने नागपूरला पोचल्यावर डॉक्टरांना विचारावे: या अवयवाच्या या टप्प्यात रोबोटने आयुष्य वाढते की फक्त मुक्काम कमी होतो? साध्या पद्धतीने तेच होईल का, आणि किती लवकर? आपण स्वतः अशा किती शस्त्रक्रिया केल्या? जादा खर्च कोण देणार? रोबोटसाठी तारीख दोन महिने पुढची आणि उघड्या शस्त्रक्रियेसाठी पुढच्या आठवड्याची असेल, तर पुढच्या आठवड्याची घ्यावी. शेत गहाण टाकून, बैल विकून रोबोटचा जादा खर्च भरू नये.

ज्याच्या घरात गाठ निघालेली नाही, पण खर्रा आहे, त्याने आरशासमोर उभे राहून तोंड उघडावे. तीन बोटे उभी मावत नसतील, गालात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, किंवा तोंडातली जखम तीन आठवड्यांत भरली नसेल, तर धान कापणी संपण्याची वाट न पाहता आरमोरीच्या उपजिल्हा रुग्णालयात जाऊन ती दाखवावी. तीस वर्षांवरील स्त्रियांनी त्याच फेरीत स्तन आणि गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्यावी. तीस वर्षांवरील लोकांसाठी मुख, स्तन आणि गर्भाशयमुख या तिन्ही कर्करोगांची तपासणी सरकारी कार्यक्रमात आहे, आणि तिला पैसे लागत नाहीत.